काढून ठेवलेली गाडी

जपूनरावांनी ती जुनी जीप घरी आणली तेव्हा ती आपल्या पायांनी आली नव्हती. एका ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून तिला ओढत आणलं होतं. फाटकातून आत शिरताना तिने भिंतीचा कोपरा खरवडला, एक कुंडी पाडली आणि अंगणाच्या मधोमध आल्यावर पुढचा एक टायर फुस्सकन सोडून दिला. लांबून आलेली म्हातारी पाहुणी चपला काढून ऐसपैस बसावी, तशी ती बसली.

धाकटी दारात उभी राहून बघत होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद फुललेला असताना त्याला काही ऐकू जात नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. तिने कुंडी उचलली, माती गोळा केली आणि ट्रॅक्टरवाल्याला पाणी विचारलं.

जपूनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी सगळा जन्म काढला. साधा नट द्यायचा झाला तरी घेणाऱ्याच्या तळहातावर तो ठेवून, त्याची बोटं मिटून, "जपून" म्हणायचे आणि मगच सोडायचे. निरोपसमारंभात खुद्द मॅनेजरने भाषणात त्यांना जपूनराव म्हटलं आणि ते कोणाला खटकलं नाही. धाकटीचंही तेच. दोघी बहिणींतली ती धाकटी. आई धाकटी म्हणे, ताई धाकटी म्हणे, लग्न झाल्यावर नवरा धाकटी म्हणू लागला. साठी उलटली, दोन्ही गुडघे बोलू लागले, तरी ती धाकटीच राहिली.

जीप आली ती मात्र तिच्यासाठीच.

ताईचं घर डोंगरावर होतं, अगदी शेवटच्या वस्तीत. मागच्या वर्षी कडा कोसळला आणि वर जाणारा रस्ता अर्धा वाहून गेला. तेव्हापासून टॅक्सीवाले पायथ्याशी उतरवून मोकळे व्हायचे. तिथून पुढची चढण धाकटीच्या गुडघ्यांना झेपण्यातली नव्हती. आता ताईचा मुलगा तिला कायमची परदेशी घेऊन जाणार होता. महिनाअखेरीला त्याच्या कंपनीची, असले रस्ते चढणारी मोठी गाडी येणार, ताईला उचलणार आणि थेट विमानतळावर नेऊन सोडणार. घराला कुलूप.

आणि ताईकडे धाकटीची एक गोष्ट ठेवलेली होती.

आई गेली त्या दिवशी धाकटी वेळेवर पोचली नव्हती. ऐन निघायच्या वेळी जपूनरावांनी स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडला, कारण आवाज "जरासा वेगळा" येत होता. ती पोचली तेव्हा आईचे डोळे मिटून झाले होते. जाण्याआधी आईने ताईजवळ धाकटीसाठी एक निरोप ठेवला होता. फार मोठा नाही, एका वाक्याचा. समोर बसवून, हातात हात घेऊन सांग, असं बजावून. पण त्या दिवशी उशिरावरून दोघी बहिणींचं असं वाजलं की निरोप राहूनच गेला. पुढे अबोला सुटला तो कडा कोसळल्यावर, फोनवर. धाकटीने विचारलं की ताईचं उत्तर ठरलेलं: समोर ये, मग सांगेन. आईने फोनवर सांगायला सांगितलेलं नाही. विमानतळावरच्या गर्दीत ढकलगाडीला धरून असलं काही सांगायचं, हे तर दोघींनाही पटणारं नव्हतं.

कार्ब्युरेटरची बोच जपूनरावांच्याही मनात असावी. ते कधी बोलले नाहीत, पण कोणी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप मोडीत काढतोय असं कळल्याबरोबर ते उठून गेले. घरी आल्यावर त्यांनी धाकटीला सांगितलं की आठ दिवसांत तुला ताईच्या दारात उतरवतो.

आठ दिवसांत जीप सुरू झाली, हे खरं आहे. धुरळा उडवत तिने अंगणात एक फेरीही मारली. धाकटीने पिशवी भरली. जपूनराव गाडीभोवती हात मागे बांधून फिरले, खाली वाकले, आणि म्हणाले की स्प्रिंगचे पाटे जरा बसलेत.

तिथून सगळं सुरू झालं. पाटे बदलले तर गाडी उंच झाली. उंच झाली तर जुने टायर तिला लहान दिसायला लागले, लहान मुलाचे बूट घातलेल्या पैलवानासारखे. मोठे टायर आले तर स्टिअरिंग जड झालं, म्हणून पॉवर स्टिअरिंग. एवढी ताकद हाती आल्यावर जुन्या ब्रेकवर कोण भरवसा ठेवणार? ब्रेक झाले, क्लच झाला, रेडिएटर झाला, मग बॉनेट, काच, दिवे, सीटासुद्धा नव्या झाल्या. वाटेत ओढा लागतो, म्हणून पाण्यातही इंजिनाला श्वास घेता यावा अशी एक नळी काचेच्या बाजूने वर टपापर्यंत नेली. पुढे विंच बसलं, म्हणजे चिखलात रुतलं तर झाडाला दोरखंड अडकवून गाडीने स्वतःला ओढून काढायचं. प्रत्येक वेळी धाकटी पिशवी भरायची आणि प्रत्येक वेळी जपूनराव हात मागे बांधून गाडीभोवती फिरायचे. शेवटी तिने पिशवी रिकामी करायचीच सोडून दिली. एक साडी आणि एक टॉवेल त्या पिशवीतच राहायला गेले.

मदतीला नाक्यावरचा गॅरेजवाला येई. गोल पोटाचा, पान खाल्ल्यासारखं तोंड भरून हसणारा माणूस. दोघे गाडीखाली आडवे पडून बोलत. धाकटीला अंगणातून चार पाय दिसत आणि त्या पायांना दर थोड्या वेळाने चहा लागे.

आता काढलेल्या भागांचं सांगायला हवं, कारण जे झालं ते तिथून झालं. दुसरा कोणी असता तर जुनं सामान भंगारात देऊन मोकळा झाला असता. जपूनराव देणार नव्हते. घरामागे पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथे ते प्रत्येक काढलेला भाग घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून नेऊन ठेवत. आणि ठेवण्याची त्यांची एक पद्धत होती, कारखान्यात नावाजलेली. वस्तू अशी ठेवायची की अंधारात हात घातला तरी तीच हाताला लागली पाहिजे. म्हणून पुढचं डावं चाक त्यांनी शेडमध्ये पुढे डावीकडे ठेवलं, मागचं उजवं मागे उजवीकडे. बॉनेट पुढे दोन विटांवर. दिवे त्याच्याही पुढे. समोरची काच आढ्याला तारेने टांगली. उजवीकडे स्टुलावर स्टिअरिंगचं चाक, त्याच्यामागे ड्रायव्हरची सीट, शेजारी डावी सीट. मागचा पत्रा मागे. शेडला खाली जमीन होती आणि वर पत्रा, मधे अख्खी जीप सुट्या सुट्या अवस्थेत उभी होती. जपूनरावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पुढचं पुढे आणि मागचं मागे, ह्याहून सोपं काय असतं, असं त्यांचं म्हणणं.

धाकटीला त्या डाव्या सीटची दया आली. रेक्झिन उसवून आतला काथ्या बाहेर आला होता. तिने एक दिवस सुई-दोरा घेऊन बसून ती शिवून टाकली. बसून पाहिली. नव्या जीपमध्ये घातलेल्या टणक सीटपेक्षा ही किती तरी बरी, असं तिला वाटलं. आईच्या घरच्या जुन्या गादीसारखी, बसल्यावर आपली ओळख ठेवणारी.

आधी चिखल आला.

एका सकाळी धाकटी झाडू घ्यायला शेडमध्ये गेली तर चारही जुन्या टायरांच्या खाचांत ओला, तांबडा चिखल बसलेला. त्यांच्या अंगणात तांबडी माती नव्हती, त्यांच्या गल्लीतही नव्हती. जपूनराव आले, बघितलं आणि त्यांचा चेहरा दुखावला. ते टायर त्यांनी साबणाने धुऊन पुसून ठेवले होते. त्यांनी प्रथम मांजरावर संशय घेतला. मांजर एवढा चिखल आणणार कुठून, हे धाकटीने विचारलं. तरी संशय त्यांनी मागे घेतला नाही. मांजराला दोन दिवस दूध कमी मिळालं.

मग ताईचा फोन आला. ताई रागात होती. भावोजींना म्हणावं, दारापर्यंत येऊन न उतरता माघारी जायची ही कुठली पद्धत? धाकटीने सांगितलं की हे कुठेही गेलेले नाहीत.

"मग काल दुपारी फाटकाशी कोण होतं?" ताई म्हणाली. "आणि तू सुद्धा. डोक्याला रुमाल बांधून डाव्या बाजूला बसलेलीस. मी चहा टाकला, कप काढले, बाहेर येते तर गाडी वळलेली."

काल दुपारी धाकटी पंख्याखाली झोपली होती. जपूनराव जीपखाली होते. त्यांचे पाय तिने झोपायला जाताना पाहिले होते आणि उठल्यावरही पाहिले होते, तसेच. तिने हे सगळं ताईला सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, काही का असेना, गाडीचा आवाज मात्र भावोजींनी छान बंद केलाय. आलेली कळतसुद्धा नाही.

धाकटीने फोन ठेवला आणि अंगणात जाऊन नवऱ्याच्या पायांना ही हकिकत सांगितली. ती सांगत असतानाच गाडी तपासायला म्हणून त्यांनी बाहेर येऊन किल्ली फिरवली. नवा सायलेन्सर बसल्यापासून तिचा आवाज असा झाला होता की शेजारच्या घरातलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं आणि त्याची आजी खिडकीत येऊन बराच वेळ नुसती बघत राहिली.

जपूनराव घाबरले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. वरचा रस्ता इतका खराब की त्याच्यासाठी आपण एवढी उंची वाढवली, एवढे टायर घातले, आणि कोणीतरी खुशाल वर जाऊन परत येतंय म्हणजे काय? पुन्हा गाडीखाली शिरून त्यांनी तिथूनच विचारलं:

"कुठल्या टायरवर गेली, ते विचारलंस का?"

त्यानंतर ताई दिसाआड फोन करू लागली. आज आलात, थांबलात, उतरला नाहीत. आज तू काच खाली केलीस. आज मी फाटकापर्यंत आले तर तू मान हलवलीस. धाकटीने पहिले काही दिवस नाही म्हटलं. मग ताई चिडू लागली, की म्हातारपणी बहिणीची थट्टा करतेस का. एकटी बाई, सगळ्या आयुष्याचं सामान बांधतेय, डोळ्यांसमोर काहीबाही येणारच. तिला कोणी येतंसं वाटत असेल तर वाटू दे. तेवढीच सोबत. असा विचार करून धाकटीने नाही म्हणायचं सोडलं आणि "हो, हो" म्हणायला लागली.

हो म्हणायला लागल्यापासून तिची कंबर दुखायला लागली. दुपारी झोपून उठावं तर अंग ठेचकाळल्यासारखं, खाचखळग्यांतून गेल्यासारखं. एकदा आरशात पाहिलं तर केसांवर बारीक तांबूस धूळ. तिने पंखा पुसून घेतला. पंख्यावर धूळ होती, पण ती काळी होती.

ह्याच दिवसांत गॅरेजवाल्याचं ते झालं. जपूनरावांना जुन्या स्टिअरिंगच्या चाकावरची एक टोपी हवी होती, म्हणून तो शेडमध्ये गेला. धाकटी दाराशी धान्य निवडत बसली होती. तो गमत्या माणूस, स्टुलावरचं ते चाक दिसल्यावर ड्रायव्हरच्या सीटवर बसला, तोंडाने भुर्र केलं आणि चाक उजवीकडे फिरवलं.

पुढे जमिनीवर ठेवलेली दोन चाकं उजवीकडे वळली.

स्टूल आणि त्या चाकांच्या मधे नुसती मोकळी जमीन होती. त्यावर एक मुंगळा चालला होता. गॅरेजवाल्याने चाक डावीकडे फिरवलं. दोन्ही चाकं डावीकडे वळली, सारखी, एका वेळी. त्याने स्टिअरिंग सरळ केलं, उठला, सीट हाताने झटकली आणि बाहेर आला. धाकटीशी नजर झाली तेव्हा त्याने मान खाली घातली. अंगणात जाऊन त्याने चहा मागितला, मग त्यात आणखी साखर मागितली, आणि सगळा संपवल्यावर जपूनरावांना एवढंच म्हणाला:

"साहेब, एक सांगू? आपल्या नव्या गाडीपेक्षा त्या शेडमधल्या गाडीचं अलाइनमेंट चांगलं आहे."

जपूनरावांना ते लागलं. त्यांनी पुढचे दोन दिवस नव्या गाडीच्या अलाइनमेंटमध्ये घालवले. गॅरेजवाला पुन्हा काही त्या घराच्या मागच्या बाजूला गेला नाही. टोपी राहिली.

त्या रात्री धाकटीने नवऱ्याला विचारून पाहिलं की ते सगळं सामान देऊन टाकू या का. तिने विचारलं ते भीतीने नव्हे, निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. जपूनरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरातलं माणूस द्यायला काढलंय. उद्या नवा पाटा तुटला तर? जुना हाताशी असावा. तिने विषय सोडला आणि देवाचं नाव घेऊन कूस बदलली.

महिना संपत आला. ताईच्या घरी ट्रंका भरून झाल्या होत्या. भाच्याचा निरोप आला की परवा गाडी येते आहे. त्या सकाळी जपूनराव जीपच्या छपरावरच्या दिव्यांच्या वायरी सोडवत होते. दिवसा जायचं आणि दिवसा यायचं, तरी छपरावर दिवे हवे होते. धाकटी अंगणात आली. ती कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"उद्या सकाळी मी त्या गाडीत बसणार आहे. तिला चाकं असली तर बरं होईल."

जपूनरावांनी वायरी खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी निघाले. गाडीने काही म्हणजे काही त्रास दिला नाही. आवाजाने रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती, गुरं होत होती, एक बस सुद्धा झाली. ओढ्यात घोट्याएवढंच पाणी निघालं. श्वास घ्यायची नळी वरच्या वर कोरडीच राहिली, तेव्हा जपूनरावांनी मुद्दाम दोनदा ओढा ओलांडला. कडा कोसळलेल्या जागी मात्र सगळं कामी आलं, उंची, टायर, नवा गिअर, सगळं. गाडी एका कुशीवर झाली, दगड घसरले, धाकटीने डोळे मिटून मुठी आवळल्या, आणि गाडी वर निघाली. वर पोचल्यावर जपूनरावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी खाली उतरून बॉनेटवर थाप मारली. धाकटीला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं. त्या वळणावर मऊ मातीत आधीच्या टायरांच्या खुणा होत्या, अरुंद टायरांच्या, कित्येक वेळा वर गेलेल्या आणि कित्येक वेळा खाली आलेल्या. माती तांबडी होती. दोघांनीही त्या पाहिल्या. जपूनराव पुन्हा गाडीत चढले.

ताई अंगणात ट्रंकेवर बसली होती. आवाज ऐकून तिने कानांवर हात ठेवले.

"ही कुठली गाडी?" ती म्हणाली. "रोजची कुठे गेली?"

धाकटी उतरली. तिने ताईला मिठी मारली. ताई वाळली होती, पण वास तोच, कपाटातल्या कपड्यांचा. मग ताईने तिला लांब धरून न्याहाळलं आणि म्हणाली की आज उतरलीस म्हणायची, बरं झालं, जाता जाता घर बघून घे. जपूनराव तोंड धुवायला मागे गेले. घरात भिंतींवर फोटो काढलेल्या जागा तेवढ्या पांढऱ्या राहिल्या होत्या. आईची खोली रिकामी होती. धाकटी तिथे खिडकीखाली जमिनीवर बसली, ताईला समोर बसवलं आणि तिच्यापुढे आपला हात केला.

"सांग आता."

"काय?"

"आईचा निरोप."

ताई हसली. तिला वाटलं थट्टा आहे. मग तिने धाकटीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि हसू मावळलं.

"अगं, सांगितला की परवा. तूच काच खाली करून हात बाहेर काढलास. मला वाटलं, उतरायची नाही तर नाही, हात तर देतेय. मी हात धरला आणि सांगितलं. रडलीस की तू."

धाकटीचा हात तसाच पुढे होता.

"गार होता तुझा हात," ताई हळूच म्हणाली. "ग्रीसचा वास येत होता. मला वाटलं, भावोजींना मदत करत असशील."

धाकटीने तिला सांगितलं, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून, की ती मी नव्हते. आज मी आलेय. पुन्हा सांग. ताईने मान हलवली, पदर सावरून बसली, धाकटीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं.

"थांब," ती म्हणाली. "थांब हं. कसं होतं ते."

बाहेर अंगणात जपूनराव गाडीची कुठलीशी खिट्टी घट्ट करत होते. ठक, ठक. ताईचे ओठ हलत होते. इतकी वर्षं रोज सकाळी ती ते वाक्य मनात म्हणून घ्यायची, विसरायला नको म्हणून. परवा सांगून टाकलं तेव्हा किती हलकं वाटलं होतं. आता तिथे काही नव्हतं. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनांसारखं. धाकटीनेच मग तिचे हात थोपटले आणि म्हणाली, जाऊ दे ताई, आठवेल तेव्हा फोनवर सांग. दोघींनाही ठाऊक होतं की ते आठवणार नाही. ते ताईकडे राहिलेलंच नव्हतं. ज्याला द्यायचं त्याला तिने देऊन टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीच्या आवाजात काही बोलता येत नव्हतं, हे दोघांच्याही पथ्यावर पडलं.

दुसऱ्या दिवशी ताई गेली. विमानतळावरून तिने फोन केला, इकडचं तिकडचं बोलली, रडली, प्रकृतीला जप म्हणाली. जेवणं झाली. जपूनराव अंगणात गेले, कारण काल चढणीवर एक आवाज जरासा वेगळा आला होता. धाकटीने ओटा पुसला. रोज ह्या वेळी ती आडवी होई. आज ती झोपली नाही. तिने हात धुतले आणि मागच्या दाराने शेडमध्ये गेली.

दुपारची उन्हं पत्र्यावर होती. आत तेलाचा वास. सगळं जिथल्या तिथे, पुढचं पुढे, मागचं मागे. टायर ओले होते.

डाव्या सीटवर तिने घातलेले टाके दिसत होते. रेक्झिन मधे दबलेलं होतं, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं. तिने तळहात ठेवून पाहिला. ऊब होती.

ती सीटवर बसली. घाबरायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण घाबरायला लागणारी जागा दुसऱ्याच कशाने तरी भरलेली होती. तिने हात मांडीवर ठेवले, समोरच्या टांगलेल्या काचेकडे पाहिलं आणि हळू आवाजात, परक्या बाईला विचारावं तसं, अदबीने विचारलं.

"आई काय म्हणाली होती हो?"

काही झालं नाही. एक माशी काचेवर बसली आणि उडून गेली. धाकटी वाट पाहत राहिली. आपण वेडगळपणा करतोय, उठावं, असं ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला. स्टोव्ह पेटल्याचा आवाज झाला.

मग तिचा स्वतःचा आवाज आला.

"अहो, या. चहा ठेवलाय. निरोप काय होता ते सांगते."

जपूनरावांच्या चपला अंगणातून वाजत आत गेल्या. खुर्ची सरकली. ते काहीतरी म्हणाले आणि आतली बाई हसली. धाकटीला ते हसणं ओळखीचं होतं, तीसुद्धा असंच हसायची.

"आई म्हणाली," आतला आवाज सांगू लागला, "धाकटीला म्हणावं..."

धाकटी सीटवरच पुढे झुकली. तिने श्वास धरला. शब्द येत होते, पण बारीक, आणखी बारीक, कोणी बोलत बोलत लांब जावं तसे. तिला नवल वाटलं. स्वयंपाकघर कुठे जाणार?

तिने शेडच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून दिसणारी कंपाउंडची भिंत, अगदी हळू, काहीही आवाज न करता, मागे सरकत होती.